तळवा उताणा, तळवा पालथा: कोपराखालच्या दोन हाडांविषयी

मराठीत खांद्यापासून कोपरापर्यंतच्या भागाला दंड म्हणतात, पुढे मनगट, पंजा, तळवा, बोटे आणि बोटांची पेरे अशी एकेक नावे तयार आहेत. मात्र कोपर आणि मनगट यांच्यामधल्या वीत-सव्वा वीत लांबीच्या भागाला रोजच्या बोलण्यात ठसठशीत असे नाव नाही. ग्रंथांत ‘अग्रबाहू’ हा शब्द सापडतो, पण तो कोणी बोलत नाही. आपण ‘कोपराखालचा हात’ म्हणून वेळ निभावतो. वास्तविक आपल्या हाताचे हातपण ज्या एका हालचालीवर उभे आहे, ती हालचाल याच बिननावाच्या भागात घडते.

ती हालचाल पाहायची असेल तर कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात सकाळी डोकवावे. विळीच्या पाटावर बसलेली बाई नारळाची अर्धी वाटी उजव्या हातात धरते आणि खवणीच्या दात्यांवर ती टेकवून मनगट फिरवत राहते. आपण ‘मनगट फिरवते’ असे म्हणतो खरे, पण तिच्याकडे नीट पाहिले तर मनगट स्वतः फिरत नाही. मनगटाचा सांधा वर-खाली आणि डावी-उजवीकडे वाकतो; स्वतःभोवती गिरकी घेण्याची सोय त्याच्यात जवळजवळ नाही. कोपरही फिरत नाही, ते अंगालगत स्थिर असते. फिरतो तो या दोहोंमधला भाग, आणि तो फिरू शकतो याचे कारण एवढेच की तिथे एक नसून दोन हाडे आहेत.

या दोन हाडांना डॉक्टर आणि आता बहुतेक सुशिक्षित माणसेही रेडियस आणि अल्ना म्हणतात. अंगठ्याच्या बाजूचे ते रेडियस आणि करंगळीच्या बाजूची ती अल्ना. मराठी शास्त्रीय परिभाषेत रेडियसला अरास्थी आणि अल्नाला अंतःप्रकोष्ठास्थी अशी नावे आहेत. दुसरे नाव जिभेला जड आहे, पण पहिले मला मनापासून आवडते. ‘अर’ म्हणजे चाकाचा आरा, आणि लॅटिनमध्ये ‘रेडियस’ या शब्दाचा एक अर्थही नेमका तोच आहे. या लेखात मात्र सोयीसाठी रेडियस आणि अल्ना हीच नावे वापरतो.

वाचकाने आता स्वतःचाच हात समोर ठेवावा. कोपर वाकवून, तळवा आकाशाकडे करून हात टेबलावर टेकवला की दोन्ही हाडे एकमेकींशेजारी जवळजवळ समांतर असतात. या स्थितीला आपल्याकडे उताणा तळवा म्हणतात. पाणी प्यायला ओंजळ धरावी किंवा देवळात तीर्थ घ्यावे, तो हा हात. आता कोपर न हलवता तळवा पालथा करावा. अल्ना जवळपास जागच्या जागी राहते, आणि रेडियसचे मनगटाकडचे टोक अल्नाला ओलांडून पलीकडे जाते. दोन्ही हाडांची आता फुली झालेली असते. बादलीची कडी एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला पाडताना तिची दोन टोके कानांत अडकलेली असतात आणि मधला बाक तेवढा फिरतो, साधारण तशीच ही चाल आहे. उताण्यापासून पालथ्यापर्यंत निरोगी हाताचा हा प्रवास सुमारे १५० ते १७० अंशांचा असतो.

या दोन हाडांच्या घडणीत एक गमतीदार उलटापालट आहे. अल्ना कोपराकडे धिप्पाड आणि मनगटाकडे किरकोळ. रेडियस कोपराकडे बारीक आणि मनगटाकडे रुंद. कोपराचा सांधा प्रामुख्याने अल्नाचा आणि मनगटाचा सांधा प्रामुख्याने रेडियसचा, अशी ही वाटणी आहे. अल्नाच्या वरच्या टोकाला पान्याच्या जबड्यासारखी एक खाच असते आणि त्या खाचेत दंडाच्या हाडाची गरारी बसते, म्हणून कोपर बिजागरीसारखे एकाच दिशेने उघडते आणि मिटते. आपण टेबलावर कोपर टेकवतो तेव्हा जे टोक लाकडाला टेकते, ते या जबड्याचे मागचे टोक, म्हणजेच अल्ना. तिथून बोट खाली सरकवत नेले तर अल्नाची कड कातडीखाली अगदी मनगटापर्यंत सलग हाताला लागते, कारण त्या कडेवर स्नायूंचे आच्छादन नसते. कोपराला आतल्या बाजूने ठोकर लागली की करंगळीपर्यंत जी वीज धावते, ती मात्र अल्ना या हाडाची करामत नसून दंडाच्या हाडामागून जाणाऱ्या, तिच्याच नावाच्या नसेची आहे.

रेडियसचा माथा शोधणे थोडे कौशल्याचे आहे. कोपराच्या बाहेरच्या बाजूला जे उंचवट्याचे हाड लागते, त्याच्या किंचित खाली दुसऱ्या हाताचे बोट दाबून धरावे आणि तळवा उताणा-पालथा करत राहावे. बोटाखाली काहीतरी गोल, गुळगुळीत असे गरगर फिरताना जाणवते. तो रेडियसचा माथा. त्याचा आकार जाड चकतीसारखा असून वरून तो किंचित खोलगट असतो, आणि त्याच्या भोवती एका भक्कम अस्थिबंधाचे कडे असते. हे कडे आणि अल्नाच्या कुशीतली छोटी खाच मिळून एक पूर्ण वर्तुळ तयार होते. वर्तुळाचा सुमारे चार-पंचमांश भाग अस्थिबंधाचा आणि उरलेला हाडाचा. बांगडीत हात फिरावा तसा हा माथा त्या कड्यात फिरतो.

लहान मुलांमध्ये ही बांगडी पुरेशी घट्ट बसलेली नसते. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलाला बसमध्ये चढताना एका हाताने वर ओढले, किंवा दोन मोठ्या माणसांनी दोन्ही हात धरून झोका दिला, तर माथा कड्यातून थोडा निसटतो आणि कडे मध्ये अडकते. मूल रडते, हात किंचित वाकवून पालथा धरते आणि त्या हाताने काही घेत नाही. सूज मात्र दिसत नाही, त्यामुळे घरचे गोंधळतात. जाणकार डॉक्टर हात एका ठरावीक पद्धतीने वळवतो, बारीकसा ‘टक्’ जाणवतो आणि काही मिनिटांत तेच मूल त्याच हाताने बिस्किट मागते. हा प्रयोग घरी करण्याचा नव्हे, कारण हाड मोडलेले असेल तर अशा वळवण्याने नुकसान होते.

दोन हाडांच्या मधली जागा रिकामी नसते. वरपासून खालपर्यंत एक चिवट पडदा दोघींना जोडतो. त्याचे बहुतेक धागे रेडियसकडून खाली अल्नाच्या दिशेने तिरके उतरतात, आणि या तिरकेपणाला अर्थ आहे. आपण हातावर भार देऊन उठतो तेव्हा मनगटावर येणाऱ्या भारापैकी सुमारे ८० टक्के रेडियसवर पडतो, कारण मनगटाची हाडे मुख्यतः तिच्यावरच टेकलेली असतात. अल्ना आणि मनगट यांच्यामध्ये कूर्चेची एक गादी असते. रेडियस वर ढकलली गेली की त्यातला काही भार माथ्यातून थेट दंडाच्या हाडाकडे जातो, तर काही त्या तिरक्या धाग्यांना ताण देऊन अल्नाकडे वळतो. याशिवाय पडदा अनेक स्नायूंना उगम पावण्यासाठी जागा देतो.

तळवा पालथा करणारे स्नायू दोन, एक कोपराजवळ तिरका आणि एक मनगटाजवळ चौकोनी. उताणा करणारेही दोन, आणि त्यांतला एक म्हणजे दंडाची बेटकुळी. बेटकुळीचे काम कोपर वाकवणे एवढेच असते, अशी आपली समजूत असते. पण तिची दोरी रेडियसच्या आतल्या बाजूच्या एका उंचवट्याला बांधलेली असते, आणि ती ओढली की रेडियस गिरकी घेऊन तळवा वर करते. कोपर वाकलेले असताना ही ताकद सर्वांत जास्त असते. उजव्या हाताने स्क्रू घट्ट करताना आपण हात उताण्याच्या दिशेने फिरवतो, म्हणजे बलवान बाजू वापरतो. डावखुऱ्या सुताराला हाच स्क्रू आवळताना दुबळी बाजू वापरावी लागते. हे मी शाळेत शिकवताना वर्गातल्या एका डावखुऱ्या मुलाने स्वतःच्या अनुभवावरून सांगितले होते, आणि त्याचे बरोबर होते.

ही चैन सर्व प्राण्यांना नाही. बेडकाची ही दोन हाडे जुळून एकच झालेली असतात. गायी-बैलांमध्येही अल्ना रेडियसला चिकटून गेलेली असते. म्हणून चिखलणीच्या वेळी बैल कितीही राबला तरी तो आपला खूर उताणा करून दाखवू शकत नाही. त्याच्या पायाला भार झेलायचा असतो, वस्तू हाताळायच्या नसतात. याउलट बागेत शिरलेले माकड आंबा तोडून तो हातात फिरवून पाहते, टाकून देते आणि दुसरा तोडते. आमच्या बागायतदारांचा संताप रास्त असला तरी त्या फिरवून पाहण्यामागे तीच सुटी रेडियस आहे, जी विळीवर नारळ खवते.

आता मोडण्याविषयी. कोकणात आषाढ लागला की जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि पाखाड्यांवर शेवाळ धरते, आणि दरवर्षी प्रत्येक वाडीत कोणीतरी घसरते. घसरणारा माणूस पुढे हात टेकतो. ते विचार करून होत नाही, आपोआप होते. सगळ्या शरीराचे वजन तळव्यावर, तिथून मनगटाच्या हाडांवर आणि तिथून रेडियसच्या खालच्या टोकावर आदळते. रेडियसची मधली नळी जाड, घट्ट हाडाची असते, पण खालचे रुंद टोक आतून जाळीदार असून त्यावरचे कवच पातळ असते. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये ही जाळी विरळ होत जाते. त्यामुळे पन्नाशी-साठीतल्या बाईचा हात साध्या पडण्यानेही नेमका इथेच मोडतो, आणि असा मोड म्हणजे एकूण हाडेच ठिसूळ होत असल्याची पहिली सूचना असू शकते.

या मोडाचे वर्णन डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली प्रसिद्ध केले, म्हणून त्याला आजही कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. म्हणजे आतले हाड पाहण्याचे कोणतेही साधन नसताना, केवळ हाताने चाचपून आणि डोळ्यांनी पाहून, त्यांनी मोड मनगटाच्या सुमारे दीड इंच वर असतो असे लिहिले. आज आपल्याला माहीत आहे की तो बहुधा त्याहूनही खाली असतो, पण अंदाज दिशेने अचूक होता. तुटलेले टोक हाताच्या पाठीकडे सरकल्यामुळे मनगटाला बाजूने पाहिल्यास जेवणाच्या काट्यासारखा बाक दिसतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. आमच्याकडे काटा म्हटले की आधी बांगड्याचा काटा आठवतो, त्यामुळे ही उपमा वर्गात प्रत्येक वेळी समजावून सांगावी लागे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकू विहिरीकडच्या पाखाडीवर अशाच घसरल्या. मी पोहोचलो तेव्हा त्या पडवीत बसून डाव्या हाताने उजवे मनगट धरून होत्या. “मुरगळलाय नुसता,” त्या म्हणाल्या, “बोटं हलतायत ना बघ, मोडला असता तर हलली असती का?” ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. बोटे हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. त्यांची पोटे कोपराखालच्या मांसल भागात असतात, आणि तिथून निघालेल्या कंडरा मनगटावरून जाऊन बोटांना ओढतात. कठपुतळीच्या दोऱ्या शाबूत असतील तर खालचा खांब तडकला तरी बाहुली हात हलवतेच. काकूंची बोटे हलत होती ती त्यामुळे, आणि मनगटाचा तो बाक तर मला दारातूनच दिसला होता.

त्याहून मोठी अडचण बांगड्यांची झाली. हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या आणि त्यांच्या पुढे-मागे दोन पाटल्या. त्या तेव्हाच काढायला हव्या होत्या, पण सौभाग्याचे लेणे म्हणून काकू तयार होईनात. दुपारपर्यंत सूज इतकी चढली की पाटल्या मांसात रुतल्या आणि तालुक्याच्या गावी दवाखान्यात त्या कापून काढाव्या लागल्या. मनगटाला मार लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांत बांगड्या, कडी, अंगठ्या आणि घड्याळ उतरवणे, वर्तमानपत्राची जाड सुरळी किंवा पुठ्ठा हाताखाली घेऊन तो सैलसर बांधणे आणि पदराची झोळी करून हात छातीशी उंच ठेवणे, एवढे घरी करण्यासारखे आहे. तेल लावून चोळणे हे करण्यासारखे नाही.

बांबूच्या कामट्या लावून हात आवळून बांधण्याची पद्धत आमच्याकडे अजून आहे, आणि तिच्याविषयी थोडे कठोर लिहिणे मला आवश्यक वाटते. कोपराखालचे स्नायू ताठर आवरणांच्या कप्प्यांत बंद असतात. मोडामुळे आत सूज वाढत असताना बाहेरून आवळले, तर कप्प्यातला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायू काही तासांत मरू लागतो. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली अशा हातांचे वर्णन केले: मेलेल्या स्नायूंच्या जागी आखडलेला व्रण तयार होतो आणि बोटे कायमची आकड्यासारखी आत वळतात. बांधलेल्या हाताची बोटे बधिर किंवा फिकट होत असतील, वेदना मोडाच्या मानाने फारच असह्य असतील, आणि विशेषतः दुसऱ्याने बोट सरळ केल्यावर कळ जात असेल, तर सकाळची वाट न पाहता पट्टी सोडून दवाखाना गाठावा. प्लास्टरलाही हाच नियम लागू आहे.

एक हाड मोडले असताना डॉक्टर कोपर आणि मनगट या दोन्हींचा एक्स-रे का काढायला सांगतात, असे अनेकांना वाटते. काहींना तर त्यात पैशांचा वास येतो. कारण असे की ही दोन हाडे वर आणि खाली एकमेकींना घट्ट जोडलेली असल्याने त्यांचे एक लांबट कडे बनलेले असते, आणि कडे सहसा एकाच जागी तुटत नाही. अल्ना वरच्या बाजूला मोडून आखूड झाली की रेडियसचा माथा आपल्या बांगडीतून निखळतो. हे मिलानच्या जोव्हान्नी बात्तिस्ता माँटेज्जिया यांनी नोंदवले, योगायोगाने तेही १८१४ सालीच. उलट रेडियस मोडली आणि खालचा, मनगटाजवळचा जोड निखळला, तर त्याला रिकार्दो गालेआत्सी यांचे नाव आहे. मोडलेले हाड दिसते, निखळलेला सांधा नजरेतून सुटतो, आणि सुटला तर तळवा पुन्हा पूर्ण फिरत नाही. अपवाद आहेत: झाडावरून सुटलेली झावळ चुकवायला हात डोक्यावर आडवा धरला, तर घाव थेट अल्नाच्या उघड्या कडेवर बसतो आणि तेवढीच ती मोडते. लहान मुलांची हाडे तर पुष्कळदा तुटतच नाहीत. ओल्या फांदीसारखी एका बाजूने चिरतात आणि दुसऱ्या बाजूने वाकतात.

मोठ्या माणसाच्या दोन्ही नळ्या मोडल्या तर बहुधा शस्त्रक्रिया करून हाडांवर धातूची पट्टी बसवतात. रेडियस सरळ काठी नाही, तिला बाहेरच्या बाजूने एक सौम्य बाक आहे, आणि तो बाक आहे म्हणूनच ती अल्नाला न अडखळता ओलांडू शकते. प्लास्टरमध्ये हाड जुळेल, पण बाक हरवला तर फिरणे हरवते.

काकूंचा मोड भूल देऊन बसवला गेला आणि सहा आठवडे प्लास्टर राहिले. ते निघाले तेव्हा गणपती आठ दिवसांवर होते. बोटे ठीक होती, कारण ती हलवत राहण्याविषयी त्यांना पहिल्या दिवसापासून बजावले होते; पण तळवा अर्ध्यावर येऊन थांबत होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कोपर कुशीला चिकटवून, हातात लाटणे उभे धरून ते हळूहळू दोन्ही बाजूंना कलते करायला सांगितले. कोपर कुशीला हवे, कारण ते सुटले की खांदा फिरतो आणि हात फिरल्याचा नुसता भास होतो. मोदकांचे खोबरे त्या वर्षी सुनेने खवले. दिवाळीच्या करंज्यांना काकू स्वतः विळीवर बसल्या. आजही हात शेवटच्या दहा-बारा अंशांना अडतो, अंगठ्याची बाजू थोडी वर राहते, आणि देवळात तीर्थ घेताना त्यातले दोन थेंब करंगळीकडून ओघळून जातात.